नोकरीच्या नावाखाली घेतलेली ‘ऐच्छिक देणगी’

परदेशी निधीतून ग्रामीण तरुणांना गावातच रोजगार देतो, असं सांगत कोणी तुमच्या गावात मेळावा घेत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमच्या गावातल्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या पोरापोरींचे पैसे असेच गेले. त्यात माझेही गेले. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार पोलिसांकडे आहे. शिवाय नाव बदलून हीच माणसं दुसऱ्या तालुक्यात उभी राहू शकतात. म्हणून त्यांची पद्धत सांगते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातली. बी.ए. झालेली. घरी कोरडवाहू शेती, कापूस, तूर, सोयाबीन. सीतादही, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा, होऊन वेचणी भरात आली होती, घरोघरी कापसाचे पैसे येत होते, तेव्हा हे लोक गावात आले. जून-जुलैत, म्हणजे बी-खतासाठी उसनवारी चाललेली असते तेव्हा, असे मेळावे होत नाहीत. हे आता लक्षात येतं.

मेळावा ग्रामपंचायतीच्या सभागृहात झाला. सरपंचांच्या हस्ते दीपप्रज्वलन, मागे मोठं बॅनर, त्यावर सरकारी वाटावं असं गोल चिन्ह. बोलणारा माणूस अतिशय सभ्य. विकसनशील देशांतल्या तरुणांचं शहराकडे जाणं थांबावं म्हणून आंतरराष्ट्रीय निधी आलाय, आपल्या तालुक्याची निवड झाली आहे, दर गावात एक सेवा केंद्र निघणार, त्यात पाच जणांना काम आणि महिन्याला बारा हजार मानधन, असं त्याने सांगितलं. मुलींना प्राधान्य. नोंदणी, प्रशिक्षण आणि टॅबची अनामत मिळून साडेचार हजार रुपये. काम सुरू झालं की अनामत परत.

साडेचार हजार ही रक्कम फार विचार करून ठरवलेली असते. ती एवढी मोठी नाही की बाप सावकाराकडे जाईल आणि चार लोकांत चर्चा होईल. एवढी लहानही नाही की संशय यावा. माझे बाबा म्हणाले, ‘हजार हजार रुपयाचे फारम भरले तुनं, लागली का नोकरी? हे तं गावातच काम देऊन रायले. भर व माय.’

बाबांचं बोलणं तुम्हाला भोळं वाटेल, पण ते अनुभवाचं बोलणं होतं. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. खुल्या वर्गाला फी हजार रुपये, राखीव वर्गाला नऊशे. आमच्यासारख्या घरांना नोकरीसाठी आधी पैसे भरायची सवय अशा भरत्यांनीच लावली. ती फी परीक्षेची असते, नोकरीची नसते, हा फरक फारम भरणाऱ्याला कोणी समजावून सांगत नाही. फसवणारे नेमके त्या फरकात शिरतात.

पैसे फोनवरून एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर घेतले गेले. लगेच छापील पावती मिळाली. ती पावती मी आज पुन्हा समोर घेऊन बसले आहे. वर संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, गोल शिक्का, सही. रकमेपुढे ‘कारणे’ म्हणून जो रकाना आहे, त्यात छापलेलंच आहे : ‘ऐच्छिक देणगी’. प्रशिक्षण शुल्क नाही, अनामत नाही, नोंदणी फी नाही. खाली बारीक अक्षरात, ‘ही रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.’ शिक्का नेमका त्या ओळीवर मारलेला. माझ्या मैत्रिणींच्या पावत्या पाहिल्या, तर सगळ्यांवर शिक्का त्याच जागी. पुढे पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा पहिला प्रश्न हाच आला की तुम्ही तर देणगी दिली, मग फसवणूक कशी?

प्रशिक्षण खरंच झालं. तालुक्याच्या ठिकाणी एका भाड्याच्या हॉलमध्ये थोडं कॉम्प्युटर, थोडं ‘व्यक्तिमत्त्व विकास’, आणि शेवटी प्लॅस्टिकमध्ये बसवलेलं प्रमाणपत्र. त्यावर क्यूआर कोडसुद्धा होता. तो स्कॅन केला की त्यांचीच वेबसाइट उघडायची आणि त्यावर आपलं नाव दिसायचं. म्हणजे साक्ष देणाराही तोच.

त्यानंतर खरा खेळ सुरू झाला. केंद्र सुरू व्हायचं तर गावात पुरेसे ‘लाभार्थी’ हवेत, म्हणून प्रत्येकीने दहा जणांची नोंदणी करून द्यायची. त्यांनीही साडेचार हजार भरायचे. जी करून देईल ती ‘गाव समन्वयक’, तिला ओळखपत्र, आणि दर नोंदणीमागे पाचशे रुपये. काम म्हणून जे सांगितलं होतं, ते हेच होतं. आमच्यातली एक मुलगी समन्वयक झाली. तिने मावशीच्या पोराला आणलं, शेजारच्या वहिनींना आणलं, बचत गटातल्या बायांना आणलं. बारा हजारांचं मानधन कोणालाच मिळालं नाही. फोन आधी ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून कटायचे, मग बंदच झाले. हॉलच्या मालकाचंही भाडं थकलं होतं.

त्या मुलीबद्दल मला लिहायलाच हवं. गावातले लोक आज तिच्या घरी जाऊन पैसे मागतात. तिची आई कामावर गेली की बाया तोंडावर बोलतात. तिचे स्वतःचे साडेचार हजार गेले, कमिशन म्हणून हातात आलेलेही तिने दोघींना परत दिले. ती चोर नाही. अशा टोळ्या गावात अनोळखी माणसाच्या तोंडून पैसे मागत नाहीत, आपल्याच पोरीच्या तोंडून मागतात. म्हणजे पुढे भांडण आपसात होतं आणि ते मोकळे राहतात. तुमच्या गावात असं झालं असेल, तर त्या पोरीला सोबत घेऊन ठाण्यात जा. कोणाकडून किती घेतले, कोणत्या नंबरवर पाठवले, हे सगळं तिच्याच फोनमध्ये आहे. सगळ्यात मजबूत साक्षीदार तीच आहे.

नंतर मी जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात गेले. तिथल्या मॅडमनी शांतपणे समजावलं, आणि जे कळलं ते आधी गावात कोणीतरी सांगायला हवं होतं. दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना 2014 पासून आहे. 15 ते 35 वयाच्या गरीब ग्रामीण तरुणांसाठी. प्रशिक्षण मोफत, आणि प्रशिक्षणानंतर नोकरी मिळवून देणं ही प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेची जबाबदारी. बँकांमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत राहणं-जेवणंही फुकट. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत तर बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ हजार आणि पदवीला दहा हजार विद्यावेतन थेट उमेदवाराच्या खात्यात येतं. यातल्या प्रत्येक योजनेत पैसा सरकारकडून खाली येतो. आमच्याकडे तो आमच्या खिशातून वर जात होता. बाकी बॅनर, प्रमाणपत्र, ओळखपत्र, क्यूआर कोड, सगळं त्यांनी खऱ्या योजनांवरून उचललेलं.

परदेशी निधीचं म्हणाल तर त्यालाही कायदा आहे, परकीय योगदान विनियमन कायदा, 2010. अशा निधीसाठी संस्थेची केंद्रीय गृह मंत्रालयाकडे नोंदणी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि एका संस्थेने तो दुसऱ्या संस्थेकडे वळवायलाही मनाई आहे. नोंदणीकृत संस्थांची यादी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आमची संस्था त्या यादीत नाही. मेळाव्यात दाखवलेला नोंदणी क्रमांक साध्या सोसायटी नोंदणीचा होता, आणि तेवढ्याने परदेशातून पैसा घेता येत नाही. सभागृह देण्याआधी ग्रामसेवकांनी हे फोनवर पाहिलं असतं, तर आमच्या गावातला मेळावा झालाच नसता. सरपंच, ग्रामसेवक हे वाचत असतील तर त्यांना हात जोडून सांगते, संस्थेची कागदपत्रं बघितल्याशिवाय सभागृह आणि माइक देऊ नका. तुमच्या हातचा दिवा बघून आमच्या आयाबाया पैसे काढतात.

‘देणगी’च्या प्रश्नावर आमचं उत्तर व्हॉट्सअॅपच्या मेसेजनी दिलं. ‘अनामत भरली का’, ‘फी बाकी आहे’, ‘जॉइनिंग पुढच्या महिन्यात’ असे मेसेज आम्ही काही जणींनी ठेवले होते. त्यांच्या प्रिंट, पैसे पाठवल्याचे व्यवहार क्रमांक आणि मेळाव्याचे फोटो जोडल्यावर तक्रार फसवणुकीची म्हणून घेतली गेली, भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली. तपास चालू आहे, पैसे परत आलेले नाहीत.

‘ऐच्छिक देणगी’ छापलेली पावती तुमच्याकडे असेल तर ती फाडू नका, फोन बदलला तरी चॅट जपून ठेवा. पैसे नुकतेच पाठवले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात जायच्या आत थांबवता येण्याची शक्यता तेव्हाच असते. मग आपल्या ठाण्यात जा. घटना दुसऱ्या हद्दीतली आहे म्हणून परत पाठवलं तर शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न बघता, गुन्हा नोंदवायला सांगा. आणि एकट्याने जाऊ नका. आम्ही पहिल्यांदा दोघी गेलो तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. सगळ्यांच्या पावत्या एका फाइलीत लावून, आईवडिलांसह गेलो, तेव्हा खुर्ची मिळाली आणि जबाब लिहून घेतला.