जुन्या रायफलला 'आतून नवी नळी': माझी झालेली फसवणूक

इथे अमेरिकेत आपल्यातली बरीच मंडळी आता रेंजवर नेमबाजीला जाऊ लागली आहेत, आणि त्यातल्या काहींचा जीव हमखास जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलवर जडतो. माझाही जडला होता. त्या रायफलपायी मी कसा फसलो ते सगळं लिहून ठेवतोय. अशा माणसाशी व्यवहार करण्याआधी कुणाच्या तरी हे वाचनात यावं, एवढीच इच्छा आहे.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. बेळगावला भरती झाले आणि १९४४ साली इटलीत होते. लढाईबद्दल ते फार बोलायचे नाहीत, पण रायफलचा विषय निघाला की चिंधी आणि उकळतं पाणी या दोन गोष्टी हटकून यायच्या. गोळीबार झाला की नळीत उकळतं पाणी ओतायचं, मग पुलथ्रूच्या दोरीला चिंधी लावून ओढायची. "पाणी नाही ओतलं तर चार दिवसांत नळी खाऊन टाकते," असं ते सांगायचे. काय खाऊन टाकतं, ते मला खूप नंतर कळलं. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचं क्षार होऊन नळीत चिकटतं आणि मिठासारखं हवेतली ओल ओढून घेतं. तेलाने ते विरघळत नाही, पाण्यानेच जातं.

तीन वर्षांपूर्वी ओहायोत, मी राहतो त्याच भागात, एका दुकानात मला इशापूरची ली-एन्फिल्ड, म्हणजेच ती थ्री-नॉट-थ्री, दिसली. बट, म्हणजे खांद्याला टेकणारं मागचं लाकूड, जिथे बसतं त्या लोखंडी सॉकेटवर मुकुट, खाली ब्रिटिश राजाची आद्याक्षरं जी आर आय, इशापूर, १९४३. हुगळीकाठच्या कारखान्यात बनलेली आणि ऐंशी वर्षांनी माझ्या गावात येऊन पोचलेली. मी घासाघीस केली नाही, ४७५ डॉलर मोजले. दुकानदाराने नळी झिजलेली असल्याचं आधीच सांगितलं होतं, त्यामुळे त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पहिल्या दिवशी १०० यार्डांवर दहा गोळ्या मारल्या. भोकं कणीक मळायच्या परातीएवढ्या जागेत पसरली होती, आणि त्यातली दोन लांबट. म्हणजे गोळी सरळ न जाता आडवी होऊन कागदावर आदळली होती. नळीतल्या खाचा गोळीला नीट पकडून पीळ देत नसल्या की असं होतं. मुळात कॉर्डाइटची, म्हणजे त्या काडतुसातल्या दारूची, ज्वाला फार कडक, ती चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढचा भाग जाळत जाते. मधला भाग क्षारांनी खाल्लेला. आणि तोंडाशी पुलथ्रूची दोरी वर्षानुवर्षं एकाच कडेवर घासलेली, त्यामुळे तोंड एका बाजूला ओघळल्यासारखं झालेलं. विहिरीच्या दगडाला दोराचे वळ पडतात ना, तसंच.

त्या वेळी मी एक काम शहाणपणाने केलं, पुढे तेच कामी आलं. शिशाची मऊ गोळी तेल लावून तोंडातून आत बसवली आणि पितळी सळईने हळूहळू ठोकत पूर्ण नळीतून पार काढली. नळीचा आतला ठसा तिच्यावर उमटतो. या रायफलला पाच खाचा असतात, त्यामुळे समोरासमोर खाच येत नाही आणि साध्या मायक्रोमीटरने माप घेता येत नाही. पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळून माप घ्यायचं आणि पत्र्याची दुप्पट जाडी वजा करायची. माप आलं ०.३१७ इंच. बाजारात मिळणारी गोळी ०.३११ किंवा ०.३१२ची. मग आडवी जाईल नाही तर काय! ती शिशाची गोळी मी चिठ्ठी लावून एका डबीत ठेवून दिली.

पुढे एका गन-शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-विक्रीत, मला फसवणारा तो माणूस भेटला. टेबलावर स्वच्छ कापड, त्यावर कापून आतून उघड्या केलेल्या नळ्यांचे नमुने, वयाने साठीच्या आसपास, बोलणं शांत. मी रायफलची हकीकत सांगितली. तो म्हणाला, "नवी नळी बसवलीत तर तिच्यावरचे जुने शिक्के, नंबर सगळं गेलं. त्यापेक्षा आतून पोखरून लाइनर, म्हणजे एक पातळ नवी नळी, घालू. बाहेरून इशापूर, आतून नवी."

यातलं काहीच खोटं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. लाइनर घालणं ही जुनी, मान्य पद्धत आहे. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने झिजलेल्या ली-एन्फिल्डच्या नळ्यांत पॉइंट टू-टूच्या, म्हणजे लहान गोळीच्या, नळ्या घालून सरावाच्या रायफली केल्या होत्या, ते मी वाचलं होतं. त्यानेही तेच उदाहरण दिलं आणि माझा विश्वास बसला. जे मला आधीपासून माहीत होतं तेच त्याने मला परत ऐकवलं होतं.

४२० डॉलर ठरले. कार्ड नको, मशीनची फी लागते, रोख दिलेत तर ३८०. मी रोख दिले. पावतीवर त्याने "नळीचं काम" एवढंच लिहिलं होतं, लाइनर हा शब्दच नव्हता. त्याच्या वर्कशॉपच्या भिंतीवर लायसन्सची फ्रेम होती. मी ती लांबूनच पाहिली.

दहा आठवड्यांनी रायफल परत मिळाली. नळीत डोकावलं तर आरशासारखी चकाकत होती. तोंडाच्या कडेवर केसाएवढी बारीक गोल रेघ होती. "हा लाइनरचा सांधा," तो म्हणाला. सोबत एक टारगेट दिलं, त्यावर पाच भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील अशी. अंतर लिहिलेलं नव्हतं. मी ते १०० यार्ड धरून चाललो. मग त्याने तीन पथ्यं सांगितली: यातून शिसं ठोकू नका, आतला जोड हलेल, लाकूड उतरवू नका, बेडिंग (लाकडातली नळीची बैठक) बिघडेल, आणि पहिल्या दोनशे गोळ्यांत निकाल बघू नका, नळी बसायला वेळ लागतो.

लाकूड वारंवार उतरवलं की बेडिंग खरंच बिघडतं. पुढच्या लाकडाचा नळीवर कुठे किती दाब आहे यावर या रायफलचा सगळा नेम अवलंबून असतो. त्यामुळे हेही पटलं. पण आता विचार करतो तेव्हा दिसतं की ज्या ज्या मार्गाने मी त्याचं काम तपासू शकलो असतो, तो प्रत्येक मार्ग त्याने पथ्य म्हणून बंद केला होता. आणि दोनशे गोळ्या होईपर्यंत माझे चार महिने गेले.

नेम सुधारला नाही. थोडा सुधारल्यासारखा वाटायचा, पुन्हा एखादं लांबट भोक दिसायचं. मी स्वतःलाच दोष देत राहिलो. श्वास धरता येत नाही, ट्रिगर झटक्यात ओढला जातो, चष्म्याचा नंबर बदलला असेल. बायको एकदा म्हणाली, "पुण्यात स्कूटरचं काम केलं तरी बाबा जुना पार्ट मागून घरी आणायचे. तू काय पाहिलंस?" मी म्हटलं, यात जुना पार्ट निघतच नाही, आतल्या आत पोखरतात. मी उत्तर दिलं खरं, पण तो प्रश्न मनातून गेला नाही.

एका रविवारी लाकडाला जवसाचं तेल लावत होतो. बोटाने चोळताना पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला, सॉकेटला टेकतं तिथे, तेल एका रेघेत आत शोषलं गेलं. फडक्याने पुसलं तरी रेघ ओलीच. नख लावलं तर तडा होता, दीड इंचाचा.

हा तडा कशाने जातो ते या रायफलशी ज्याचा संबंध आला आहे तो प्रत्येक जण जाणतो. बट धरून ठेवणाऱ्या लांब बोल्टचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या लोखंडी पट्टीत अडकलेलं असतं. म्हणून आधी पुढचं लाकूड काढायचं, मगच बटाच्या बोल्टला हात लावायचा. उलटं केलं तर बोल्ट फिरताना ते चौकोनी टोक लाकूड चिरून टाकतं. सत्तावीस वर्षं एन्फिल्ड दुरुस्त करतोय म्हणणाऱ्या माणसाने माझ्या रायफलचा बोल्ट आधी फिरवला होता. माझ्या पोटात गोळा आला.

आमच्या क्लबात एक निवृत्त मशीनिस्ट आहेत, मूळचे कॅनडाचे. त्यांच्याकडे रायफल नेली. त्यांनी आधी तोंडावरची रेघ भिंगाखाली पाहिली आणि लेथवर टोकदार हत्याराने कोरल्यासारखी वाटते म्हणाले. मग म्हणाले, "शिसं ठोकू या. खरा लाइनर असेल तर त्याला काही होणार नाही." गोळी आत गेली. सुरुवातीला हाताला काही लागेचना, मग मध्ये घट्ट, पुन्हा सैल. नवी नळी असती तर शेवटपर्यंत एकसारखी ओढ लागली असती. बाहेर आली तेव्हा तिच्यावर पाच खाचा होत्या, पीळ डावीकडे. ली-एन्फिल्डचा पीळ डावाच, पण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक लाइनरचा उजवा. माप ०.३१८.

मी डबीतून जुनी गोळी काढली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. नळीत कुठेतरी गंजाने पडलेला एक खड्डा आहे, त्याच्या कडेचा तिरपा ओरखडा जुन्या गोळीवर होता. तोच ओरखडा, त्याच खाचेच्या उजव्या अंगाला, नव्या गोळीवरही होता. ते काका काही बोलले नाहीत, भिंग माझ्या हातात दिलं फक्त. लाइनर घातलाच नव्हता. नळी पॉलिश लावून घासून चकचकीत केली होती, म्हणजे होती त्याहून सैल केली होती, आणि तोंडावर एक रेघ ओढली होती.

फोन केला तर तो म्हणाला, शिसं ठोकलंत, वॉरंटी संपली. पैसे मिळाले नाहीत. रोखीचा पुरावा म्हणजे ती दोन शब्दांची पावती. लायसन्सचं नंतर कळलं. दुसऱ्याची बंदूक दुरुस्तीसाठी ठेवून घेण्याचा धंदा करायला फेडरल लायसन्स लागतं, आणि त्या नंबरातले आकडे एटीएफच्या, म्हणजे बंदुकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याच्या, साइटवर टाकले की ते चालू आहे का ते मिनिटभरात दिसतं. त्याचं मुदत संपलेलं होतं. एटीएफकडे आणि राज्याच्या ग्राहक विभागाकडे दोन्ही गोळ्यांच्या फोटोंसह तक्रार दिली आहे.

तुम्ही असं काम कुणाला देणार असाल तर देण्याआधी शिशाचा ठसा घ्या, त्याचं माप त्या माणसासमोर पावतीवर लिहून घ्या, आणि परत घेताना त्याच्याच टेबलावर पुन्हा ठसा काढायला सांगा. जो नाही म्हणेल त्याला रायफल देऊ नका. लाइनर कुठून मागवला, किती खाचांचा, पीळ कुठल्या बाजूचा, हे लिहून मागा. टारगेट दाखवलं तर म्हणा, आता माझ्यासमोर मारा. पैसे कार्डानेच द्या, चाळीस डॉलर जास्त गेले तरी चालतील.

नळी अजून तीच आहे. काकांनी तडा गोंदाने आणि पितळी खिळीने सांधून दिला, लाकडाची मागची बैठक घट्ट केली. मग मी सपाट बुडाच्या, नळीच्या मापाहून किंचित जाड साच्यात ओतलेल्या शिशाच्या गोळ्या कमी दारूवर मारून पाहिल्या. निमुळत्या बुडाची गोळी सैल नळीत पकड घेत नाही, सपाट बुडाची बऱ्यापैकी घेते. १०० यार्डांवर आता चार इंचांत बसतात आणि लांबट भोक एकही नाही. हे सगळं साठ डॉलरांत झालं.

या एप्रिलमध्ये गन-शोला गेलो तर तोच माणूस, तेच कापड, तेच कापलेले नमुने. समोर एक तरुण मुलगा केस उघडून मोसिन-नागांत ही जुनी रशियन रायफल दाखवत होता. मी जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिलो, खिशातली डबी उघडली आणि दोन्ही गोळ्या त्या पांढऱ्या कापडावर ठेवल्या. मुलाने विचारलं, "हे काय आहे?" मी त्याला भिंग दिलं.