शिकाऊ चालकाशेजारी बसणाऱ्याचा जादा आरसा: सोलापुरातील वापरानंतरचा अभिप्राय

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी स्वतंत्र ब्रेक असतो, बहुतेक वेळा क्लचही असतो. घरच्या गाडीत सराव करून घेणाऱ्याकडे यातले काहीच नसते, आणि मागचा रस्ता दाखवणारा आतला आरसाही चालकाच्या डोळ्यांप्रमाणे लावलेला असतो. माझ्या धाकट्या जावेने ड्रायव्हिंग स्कूलचा वर्ग पूर्ण केल्यानंतर तिचा सराव घरच्या हॅचबॅकमध्ये माझ्या देखरेखीखाली सुरू झाला, तेव्हा मी विजापूर रोडवरील अ‍ॅक्सेसरीजच्या एका दुकानातून समोरच्या काचेला रबरी कपाने चिकटणारा जादा आरसा २५० रुपयांना घेतला. संपूर्ण उन्हाळा वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, नात्यातल्या कोणाला गाडी शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो घ्यावा, मात्र आरसा सपाट काचेचाच असावा.

आरशाची गरज कोठे पडते ते सांगते. शेजारी बसणाऱ्याला गाडीच्या डाव्या बाहेरील आरशातून मागचे दिसेल असे अनेकांना वाटते. तो आरसा उजवीकडे बसलेल्या चालकासाठी वळवलेला असल्यामुळे डाव्या आसनावरून त्यात मुख्यतः आपल्याच गाडीची बाजू दिसते. परिणामी, सूचना देणाऱ्याला समोरचे सगळे ठाऊक असते आणि मागचे काहीच ठाऊक नसते. सात रस्ता किंवा डफरीन चौकाच्या परिसरात हे फार महागात पडू शकते, कारण पुढची रिक्षा प्रवासी घेण्यासाठी एकाएकी थांबते, शेजारचा माणूस घाईने "ब्रेक मार" म्हणतो, शिकणारी व्यक्ती विश्वासाने पाय पूर्ण दाबते, आणि त्याच क्षणी मागे अगदी चिकटून येणारा दुचाकीस्वार गाडीवर आदळण्याची वेळ येते. अशा वेळी ब्रेक हळू दाबायचा की जोरात, हे मागच्या वाहनाच्या अंतरावर ठरते, आणि ते अंतर नवशिक्या चालकाला समोरच्या गोंधळात आरशात पाहून मोजता येत नाही.

आरसा बसल्यानंतर माझ्या सूचनांची वेळच बदलली. मागे बस जवळ आली आहे हे आधीच दिसत असल्याने "आता हळूहळू वेग कमी कर, पुढची रिक्षा थांबेल असे वाटते" असे मी पुरेसे आधी सांगू शकते. पूर्वी जाऊ दर वळणापूर्वी "ताई, मागे कोणी आहे का?" असे विचारायची आणि मला मान वळवून मागच्या काचेतून पाहावे लागायचे, तेवढ्या वेळात माझी नजर पुढच्या रस्त्यावरून हटायची. आता मी उलट तिलाच विचारते की तुझ्या आरशात काय दिसते, आणि तिचे उत्तर माझ्या आरशाशी ताडून पाहते. तिची नजर तयार करण्यासाठी या पडताळणीचा जितका उपयोग झाला तितका इतर कशाचाच झाला नाही. ऊस हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर शहराबाहेरच्या रस्त्यांवर असतात. त्यांना ओलांडण्यापूर्वी मागून कोणी आपल्यालाच ओलांडत नाही ना, हे दोघींनी पाहणे मला आवश्यक वाटते.

दुकानात मला आधी बहिर्गोल आरसा दाखवला गेला, कारण त्यात रस्त्याचा अधिक भाग मावतो. तो मी घेतला नाही. बहिर्गोल आरशात वाहने लहान आणि म्हणून प्रत्यक्षापेक्षा दूर भासतात, आणि येथे आपल्याला नेमका अंतराचाच अंदाज हवा असतो. सपाट काचेत दृश्य अरुंद असले तरी अंतर खरे दिसते. डाव्या बाजूचा आंधळा टप्पा, म्हणजे आरशात न दिसणारा गाडीलगतचा भाग, मात्र दोन्हींपैकी कोणताही आरसा भरून काढत नाही. सोलापुरात दुचाकी डावीकडून सर्रास पुढे निघतात, त्यामुळे डावीकडे वळण्यापूर्वी शेजारी बसणाऱ्याने खांद्यावरून खिडकीबाहेर पाहिलेच पाहिजे. त्याचे आसन त्यासाठी चालकाच्या आसनापेक्षा सोयीचे आहे.

उत्पादनातला खरा दोष रबरी कपात आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा ४० अंशांच्या वर जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत काच इतकी तापते की कप सैल होऊन आरसा डॅशबोर्डवर पडतो. चालत्या गाडीत असे घडले तर शिकणारी व्यक्ती दचकेल, म्हणून सराव संपताच आरसा काढून ठेवावा आणि पुढच्या वेळी काच ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण कोरडी करून मगच पुन्हा लावावा. तो डाव्या सनशेडच्या खाली, वरच्या कडेला लावावा. चालकाच्या नजरेआड रस्ता जाईल किंवा एअरबॅग उघडण्याच्या वाटेत येईल अशा जागी मुळीच लावू नये. खडबडीत रस्त्यावर प्रतिमा थरथरते, पण वाहन ओळखण्याइतकी स्पष्ट राहते.

आरशाने गाडी थांबत नाही, हे येथेच स्पष्टपणे नमूद करते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३ नुसार लर्निंग लायसन्सवर गाडी चालवताना शेजारी त्या वाहनाचे वैध लायसन्स असलेली व्यक्ती हवी आणि ती गाडी नियंत्रित करू शकेल किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेली हवी. घरच्या गाडीत त्यासाठी दोन आसनांमधला हँडब्रेक हेच साधन उरते. मी सराव सुरू करण्यापूर्वी जुळे सोलापुरातील एका रिकाम्या रस्त्यावर कमी वेगात, बटण दाबलेले ठेवून तो टप्प्याटप्प्याने ओढून पाहिला होता, कारण एकदम खेचल्यास मागची चाके अडकून गाडी घसरू शकते. ज्यांच्या गाडीत ओढायच्या दांड्याऐवजी विजेवर चालणारा पार्किंग ब्रेक आहे, त्यांनी चालत्या गाडीत तो कसा वागतो हे गाडीच्या पुस्तिकेत वाचल्याशिवाय कोणाला शेजारी बसून शिकवू नये, असे माझे ठाम मत आहे.

त्याच दुकानात मिळालेले एल अक्षराचे स्टिकर मी परत केले. नियमाप्रमाणे पांढरी पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस आणि त्यावरील लाल अक्षर किमान १० सेंटीमीटर उंच हवे. ते स्टिकर तळहाताएवढेच होते. योग्य मापाच्या पाट्या कागदावर छापून घेऊन पुढे-मागे लावल्या.

आरसा घेताना तो दुकानातच गाडीच्या काचेला लावून, शेजारच्या आसनावर पट्टा बांधून बसून पाहावा आणि मागची संपूर्ण काच त्यात मावते याची खात्री करावी. मानेच्या जोडाचा स्क्रू घट्ट बसणारा असावा, आणि शक्य असल्यास एक जादा रबरी कप सोबतच मागून घ्यावा.