प्रोटीन पकडायला कुठला बायोटिन टॅग घ्यावा: उजेडाने तुटणारा, केमिकलने तुटणारा की साधाच?

मिश्रणातून हवं ते प्रोटीन वेगळं काढायला त्यावर बायोटिन हे छोटं व्हिटॅमिन टॅग म्हणून लावतात, आणि बायोटिनला धरणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रोटीन लावलेल्या बारीक मण्यांवर, म्हणजे बीड्सवर, ते पकडतात. स्ट्रेप्टॅव्हिडिन बीड्सवर बायोटिन चिकटवणं सोपं आहे, डोकेदुखी सुरू होते ती सोडवताना. ही पकड इतकी घट्ट असते की बीड्स एसडीएस या डिटर्जंटमध्ये उकळल्याशिवाय प्रोटीन खाली येत नाही, आणि उकळलं की तुमच्या प्रोटीनसोबत अख्खं वऱ्हाड उतरतं, म्हणजे बीडवरचं स्ट्रेप्टॅव्हिडिन स्वतः, उगाच चिकटलेलं ॲक्टिन-ट्युब्युलिन, आणि पायरुव्हेट कार्बोक्झिलेजसारखी एन्झाइम्स ज्यांच्या अंगावर पेशीनेच मुळात बायोटिन लावलेलं असतं. म्हणून टॅगच्या मधोमध तुटणारा लिंकर, म्हणजे जोडणारा दुवा, टाकायचा, सगळं धुऊन झालं की तो तोडायचा, बायोटिन बीडवर आणि प्रोटीन आपल्या ट्यूबमध्ये. प्रश्न एवढाच की तोडायचं कशाने.

उजेडाने तुटणाऱ्या, म्हणजे फोटोक्लीव्हेबल टॅगमध्ये बहुतेक वेळा ऑर्थो-नायट्रोबेंझाइल गट असतो. केमिस्ट्री जुनीच, १९७० मध्ये पॅचॉर्निक, अमित आणि वुडवर्ड यांनी हाच गट प्रकाशाने निघणारा प्रोटेक्टिंग ग्रुप म्हणून वापरला होता, आणि १९९५ मध्ये बोस्टन युनिव्हर्सिटीच्या रॉथ्सचाइल्ड ग्रुपने त्याला बायोटिन जोडून बायोमॉलिक्यूल्स वेगळे काढायची पद्धत मांडली. ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा यूव्ही पडला की नायट्रो गटाचा ऑक्सिजन शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन उचलतो आणि पुढे तो बाँड तुटतो. यात बफर बदलावा लागत नाही, पीएच बदलावा लागत नाही, काही मिसळायचंच नाही, आणि माझ्या मते या टॅगचं खरं मोल इथे आहे. लायसिन या अमिनो ॲसिडच्या अमाइन गटावर लागणारा एनएचएस प्रकार असेल तर सुटल्यावर अमाइन जसं होतं तसं परत मिळतं, मागे काहीच उरत नाही. क्लिक केमिस्ट्रीवाला (अझाइड आणि अल्काइन हे दोन गट एकमेकांना जोडायची पद्धत) अझाइड प्रकार असेल तर साधारण १०० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) छोटा तुकडा राहतो, आणि साइट मॅप करताना, म्हणजे टॅग प्रोटीनवर नेमका कुठे लागला ते शोधताना, तो उलट खुणेसारखा कामाला येतो.

आता बाकीचे पर्याय.

डायसल्फाइड लिंकर सगळ्यांच्या ओळखीचा, डीटीटी हा रिड्यूसिंग एजंट टाकला की तुटला. पण पेशीच्या आत ग्लुटाथायोन हा तसाच रिड्यूसिंग रेणू मिलिमोलरमध्ये असतो, तिथेच तो तुटायला लागू शकतो, लायसेट (फोडलेल्या पेशींचा रस) आधी रिड्यूस-अल्किलेट करायची, म्हणजे डायसल्फाइड तोडून थायोल बंद करायची सवय असेल तर तेही सोडावं लागतं, आणि कॉपर क्लिकमध्ये टीसीईपी हा रिड्यूसिंग एजंट वापरत असाल तर टॅग पकडण्याआधीच गेला समजा (तिथे सोडियम ॲस्कॉर्बेट घ्या). शिवाय तुटल्यावर प्रोटीनवर थायोल उरतो जो पुढे आयोडोअसिटामाइड टाकलं की सिस्टीनसारखाच अल्किलेट होतो, मास स्पेकच्या (रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्राच्या) डेटाबेस सर्चला हे सांगायला विसरलात तर पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचा तो तुकडा, सापडतच नाही. मी हा फक्त शुद्ध प्रोटीनच्या साध्या प्रयोगाला घेईन.

अझोबेंझीन लिंकर सोडियम डायथायोनाइटने तुटतो, साधारण २५ ते ५० मिलिमोलर. ही तीच हायड्रोस पावडर, गुळाला पिवळा रंग यावा म्हणून गुऱ्हाळात टाकतात ती. बोग्यो लॅबने २००७ मध्ये हा लिंकर प्रोटिओमिक्ससाठी, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन्सच्या एकत्र अभ्यासासाठी, मांडला. सौम्य आहे, कामही करतो, फक्त डायथायोनाइटचं द्रावण हवेत खराब होतं त्यामुळे दरवेळी ताजं बनवा, आणि जुनी उघडी बाटली वापरून टॅगला शिव्या घालू नका. मागे साधारण १७८ डाल्टन उरतात.

आणि मग डीएडीपीएस, सिलेनवाला (सिलिकॉन असलेला) लिंकर, जो ५ ते १० टक्के फॉर्मिक ॲसिडने अर्ध्या तासात तुटतो आणि १४३ डाल्टन मागे ठेवतो. २०१० मध्ये कॅल्टेकच्या टिरेल ग्रुपचा पेपर आला तेव्हापासून साइट मॅपिंगवाल्यांमध्ये हा चांगलाच रुळलाय. कारण साधं आहे, फॉर्मिक ॲसिड तसंही मास स्पेकच्या सँपलमध्ये जाणारच असतं, सुकवलं की झालं, दिवा नको, अंधार नको. पेप्टाइडवर काम असेल आणि मॉडिफिकेशन नेमकं कुठल्या अमिनो ॲसिडवर आहे एवढंच शोधायचं असेल, तर मी स्वतः उजेडाचा टॅग घेणार नाही, हा घेईन.

मग उजेडवाला कधी? जिथे ॲसिडही चालत नाही आणि रिड्यूसिंग एजंटही. अख्खं प्रोटीन कॉम्प्लेक्स न मोडता सोडवायचंय, एन्झाइम नंतर ॲक्टिव्ह हवंय, डीएनए आहे ज्याचे प्युरीन बेस ॲसिडमध्ये गळतात, किंवा जिवंत पेशी आहेत. फक्त दिवा ३६५ चाच हवा, लॅबमधला २५४ चा जर्मिसायडल दिवा लावलात तर डीएनएत थायमिन डायमर बनतील आणि प्रोटीनचीही खराबी होईल. एक जागा अशीही आहे जिथे मागे उरलेला तुकडाच फायद्याचा ठरला, २०१० मध्ये हार्ट लॅबने ओ-ग्लुकनॅक (प्रोटीनवर लागणारी एक साखर) साइट्स शोधायला फोटोक्लीव्हेबल बायोटिन वापरलं, उरलेल्या भागावर बेसिक अमाइन होता, त्याने पेप्टाइडचा चार्ज वाढला आणि ईटीडी फ्रॅगमेंटेशन (मास स्पेकमध्ये इलेक्ट्रॉन देऊन पेप्टाइड तोडणं) चांगलं झालं.

पण नेटिव्ह, म्हणजे न मोडलेलं कॉम्प्लेक्सच सोडवायचं असेल तर डेस्थायोबायोटिन या बायोटिनच्या भावंडाचा विचार आधी करा. पकड कमी घट्ट असते, नुसतं बायोटिन ओतलं की सुटतं, दिव्याची भानगड नाही, आणि पेशीतली मुळची बायोटिनवाली एन्झाइम्स बीडवरच राहतात. तोटा हा की पूर्ण टॅग प्रोटीनवर तसाच राहतो आणि बाहेर आलेल्या सँपलमध्ये बायोटिन भरपूर असतं, म्हणजे पुन्हा स्ट्रेप्टॅव्हिडिनवर काही करायचं असेल तर अडचण.

उजेडवाला घ्यायचं ठरलंच असेल तर काही गोष्टी कॅटलॉगमध्ये ठळक लिहिलेल्या नसतात. टॅग अंधारात जपायचा म्हणून लोक तपकिरी ट्यूब घेतात आणि मग त्याच ट्यूबवर यूव्ही मारत बसतात, ती ट्यूब यूव्ही अडवण्यासाठीच असते हो! तोडायच्या वेळी बीड्स पारदर्शक, उघड्या, उथळ भांड्यात घ्या, पातळ थर ठेवा आणि मधूनमधून हलवा. मॅग्नेटिक बीड्स गडद तपकिरी असतात, एकमेकांवर सावली पाडतात, जाड गाळ झाला तर खालच्यांना उजेड मिळतच नाही, या बाबतीत ॲगारोज बरे. दिव्यावर लिहिलेले वॉट बघून वेळ ठरवू नका, सँपलपर्यंत किती उजेड पोचतो ते अंतरावर ठरतं, म्हणून आपल्याच दिव्याखाली ५, १५, ३० मिनिटं असं करून बघा. बर्फावर ठेवा आणि डोळ्यांना यूव्हीचा गॉगल लावाच.

डायझिरिन (उजेड पडला की शेजारच्या प्रोटीनला कायमचा चिकटणारा गट) असलेला प्रोब वापरणाऱ्यांनी जास्त सांभाळा. डायझिरिनही याच ३५०-३६५ च्या पट्ट्यात पेटतं, म्हणजे क्रॉसलिंक करायला दिवा लावला आणि टॅग आधीच जोडलेला असला तर तोही तिथेच तुटणार. आधी पेशीत क्रॉसलिंक, मग लायसेटमध्ये क्लिक करून टॅग, हा क्रम उलटा चालत नाही. क्रम बदलणं शक्य नसेल तर सरळ डीएडीपीएस.

हीच केमिस्ट्री टिश्यूवरही चालते. जिओएमएक्स नावाची मशीन, मूळ नॅनोस्ट्रिंगची आणि २०२४ पासून ब्रुकरकडे, तिच्यात अँटिबॉडी किंवा आरएनए प्रोबवर उजेडाने तुटणारा डीएनए बारकोड असतो, स्लाइडवर हव्या त्या भागावरच यूव्ही पाडायचा, सुटलेले बारकोड शोषून घ्यायचे आणि मोजायचे. इथे ॲसिड किंवा डीटीटी स्पर्धेतच नाहीत, कारण द्रव स्लाइडभर पसरतो आणि उजेड नेमक्या जागी पाडता येतो. पण आकडा मिळतो तो निवडलेल्या भागाचा, एकेका पेशीचा नाही, तसा हवा असेल तर दुसरं तंत्र बघा.

साधं बायोटिनही वाईट नाही हे सांगायचं राहिलं. कोणकोणती प्रोटीन्स आली एवढीच यादी हवी असेल तर बीडवरच ट्रिप्सिन (प्रोटीनचे तुकडे करणारं एन्झाइम) टाका, टॅग नसलेला कंट्रोल सोबत चालवा, आणि तुटणाऱ्या लिंकरचे पैसे वाचवा.

आणि कुठलाही तुटणारा टॅग घेतलात तरी एक लक्षात ठेवा, सुटून आलेल्या प्रोटीनवर बायोटिन नसतं, त्यामुळे त्याचा ब्लॉट (जेलवरची प्रोटीन्स मेम्ब्रेनवर घेऊन दाखवणं) फक्त बायोटिन दाखवणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिन-एचआरपीने केला तर तो कोराच येणार आणि वाटेल की काही सुटलंच नाही. त्या प्रोटीनची अँटिबॉडी किंवा सिल्व्हर स्टेन वापरा, आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन ब्लॉट करायचाच तर उजेड दाखवलेले बीड्स उकळून त्यांचा करा, न सुटलेलं किती राहिलं ते त्यात दिसेल. तिथे १३० आणि ७५ किलोडाल्टनला पट्टे दिसले तर घाबरू नका, ती पेशीची स्वतःची कार्बोक्झिलेजेस.