पाइपसाठी तंबाखू: हलकी सुगंधी घ्यावी, भरपूर सुगंधी की नुसती व्हर्जिनिया?

डबा उघडून नाकाशी धरायचा, वास आवडला की घ्यायचा, ही पाइपची तंबाखू निवडायची सगळ्यात फसवी रीत. सुगंधी मिश्रणात डब्यातला वास आणि तोंडात येणारी चव यांचा संबंध फार थोडा असतो. म्हणून इथे तीन मिश्रणं शेजारी-शेजारी ठेवून बघतोय, आणि मुख्य कसोटी ही लावतोय: अर्धी तंबाखू जळल्यावर पाइपमध्ये काय उरतं?

हलक्या सुगंधाचं मिश्रण म्हणून मॅक बॅरनचं 'मिक्श्चर, स्कॉटिश ब्लेंड' घेतलंय. भरपूर सुगंधासाठी पांढऱ्या पाऊचमधलं कॅप्टन ब्लॅक. आणि बिनसुगंधी बाजूला सॅम्युअल गॅविथची 'फुल व्हर्जिनिया फ्लेक'. पहिलं डेन्मार्कचं, दुसरं अमेरिकी वळणाचं, तिसरं इंग्लंडमधल्या केंडल गावचं. ही कंपनी १७९२ पासूनची. गंमत म्हणजे स्कँडिनेव्हियन टोबॅको ग्रुपने २०२४ मध्ये मॅक बॅरन विकत घेतली आणि कॅप्टन ब्लॅकही त्यांचीच, त्यामुळे पहिल्या दोन स्पर्धकांचा मालक आता एकच आहे.

आपल्या कोल्हापूर भागात तंबाखू म्हटलं की निपाणी आठवते. १९८१ मध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांचं मोठं आंदोलन तिथेच झालं. पण ती पानं उन्हात वाळवलेली, बिडीची. त्यांत साखर कमी आणि जोर जास्त. निपाणीचा जर्दा चुरून पाइपमध्ये भरून बघण्याची कल्पना प्रत्येक पाइपवाल्याला कधी ना कधी सुचतेच. करू नका, डोकं गरगरेल. पाइपच्या मिश्रणातली व्हर्जिनिया जातीची पानं भट्टीतल्या गरम हवेवर वाळवतात, त्यामुळे पानातली साखर टिकते. बर्ली ही दुसरी जात सावलीत, वाऱ्यावर वाळते. तिच्यात साखर जवळजवळ राहत नाही, पण पान सच्छिद्र असल्याने बाहेरून दिलेला रस ती चटकन पिते. सुगंधी मिश्रणांत बर्ली हटकून दिसते ती यामुळे.

सुगंध दोन टप्प्यांत दिला जातो. आधी पानं साखर, ज्येष्ठमध, कोको असल्या पाकात भिजवून मुरवतात. हा रस पानात शिरतो आणि जळताना चवीत उतरतो. मग अगदी शेवटी, डब्यात भरण्याआधी, व्हॅनिला, रम किंवा चेरीचा वरचा फवारा देतात. डबा उघडल्यावर नाकाला लागतो तो प्रामुख्याने हा फवारा, आणि पहिल्या काही झुरक्यांत तो उडूनही जातो. हलक्या सुगंधाच्या मिश्रणात हा फवारा बेताचा असतो, त्यामुळे खालच्या पानाला तोंड लपवायला जागा मिळत नाही. भरपूर सुगंधीमध्ये मिळते.

आता पाइप पेटवू. कॅप्टन ब्लॅक पहिल्या काडीला धरतं, व्हॅनिलाचा गोड धूर येतो, शेजारी बसलेला माणूस 'वा, काय वास आहे' म्हणतो. ओढणाऱ्याला मात्र जिभेवर फार काही लागत नाही. वाटीच्या, म्हणजे पाइपच्या तंबाखू भरायच्या भागाच्या, मध्यावर आलं की गोडवा ओसरतो आणि गरम, ओलसर, पातळ धूर राहतो. तळाशी पाइप गुरगुरायला लागतो आणि शेवटी चिकट ओला गोळा उरतो. तंबाखू वाळू नये म्हणून अशा मिश्रणांत प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. ते ओलावा सोडत नाही, म्हणून ताटलीत पसरून ठेवूनही फारसा फरक पडत नाही.

मिक्श्चरचा डब्यातला वास तुलनेने मिळमिळीत वाटेल. किंचित मध, किंचित सुकं गवत. त्यात पस्तीसच्या आसपास प्रकारची पानं असल्याचं कंपनी सांगते; ती वेगवेगळी ओळखू येतात असं म्हणणाऱ्याला माझा नमस्कार. पण वाटीच्या मध्यानंतर हे मिश्रण जागं होतं. मध मागे सरतो, बर्लीची भाजल्या शेंगदाण्याकडे झुकणारी चव वर येते, आणि शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात ते कोरडं, थोडं तिखट होतं. राख करडी आणि भुसभुशीत पडते. खाली उरतं ते थोडंच आणि कोरडं. अर्ध्या वाटीच्या कसोटीला हे मिश्रण उतरतं, आणि माझा कल त्याच्याकडे आहे तो मुख्यतः यासाठी.

त्याचा दोषही मोठा आहे. मॅक बॅरनची मिश्रणं जीभ पोळतात अशी त्यांची जुनी ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. व्हर्जिनियातली साखर आणि पानातला ओलावा मिळून गरम वाफ तयार होते. घाईने ओढलं की ती थेट जिभेच्या टोकावर बसते. सिगारेटवरून पाइपकडे आलेल्या माणसाला तर हे हमखास भोगावं लागतं, कारण त्याला भराभर झुरके घ्यायची सवय असते. पाइप विझला तरी चालेल अशा चालीने ओढायचा. दोन-तीनदा पुन्हा पेटवावा लागला तर त्यात कमीपणा नाही.

आणि इथे कोल्हापूरचा पावसाळा मध्ये येतो. परदेशी लोक लिहितात, तंबाखू अर्धा तास उघडी ठेवा, वाळेल. जुलैत इथे उघडी ठेवलेली तंबाखू वाळायची सोडून आणखी सर्द होते. चिमूट दाबून सोडली आणि ती गोळा होऊन तशीच राहिली, तर ती ओली आहे; हळूहळू उलगडली तर पेटवायला हरकत नाही. पावसाळ्यात ताटलीत पातळ पसरून टेबल लॅम्पच्या पिवळ्या बल्बखाली ठेवावी. मिक्श्चरला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. उलट एप्रिलमध्ये तीच तंबाखू पंख्याखाली विसरली तर कुरकुरीत होते आणि तिचा बेताचा सुगंध पहिला जातो. जीभ पोळली म्हणून मिश्रणाला नावं ठेवण्याआधी हा ओलावा तपासून घ्यावा.

फुल व्हर्जिनिया फ्लेक या बाबतीत सगळ्यात हट्टी. दाबून, वाफवून गडद तपकिरी झालेल्या जाड पट्ट्या, डब्यातून निघतात तेव्हा चांगल्याच ओल्या. पट्टी हाताने चोळून मोकळी करायची, तास-दीड तास वाळवायची, मग सैल भरायची. एवढं करूनही ती दोन-तीन काड्या खाते. पण एकदा लागली की वाटीच्या तळापर्यंत चव ओसरत नाही, उलट दाट होत जाते. सीझनमध्ये गुऱ्हाळावर कढईतून काकवी काढताना जो उग्र-गोड वास येतो, त्याच्या जवळचं काहीतरी यात आहे, आणि ते वरून फवारलेलं नाही, पानाचंच आहे. अर्ध्या वाटीनंतरची चव हीच एकमेव कसोटी ठेवली तर फ्लेक पहिली येते. मी तिला पहिला नंबर देत नाही, कारण निवडीच्या टप्प्यावर असलेल्या माणसाकडे तेवढा धीर क्वचितच असतो. तिसऱ्यांदा विझल्यावर तो डबा कपाटात सरकवतो.

चव घेताना दोन पथ्यं. तिन्ही मिश्रणं एकाच ब्रायरच्या (लाकडी) पाइपमध्ये ओढू नका. व्हॅनिला लाकडात मुरते आणि पुढच्या कितीतरी वाट्यांत डोकावते. मग फ्लेकमध्ये व्हॅनिला लागली असं वाटून निकाल चुकतो. मक्याच्या कणसाचे पाइप स्वस्त असतात. अमेरिकेत मिझुरी मिअरशॉम ही कंपनी १८६९ पासून ते बनवते आहे. प्रत्येक मिश्रणाला एकेक ठेवावा. दुसरं, तांबडा रस्सा ओरपून लगेच पाइप पेटवू नका. मिरचीने चटकलेल्या जिभेला धुराचा चटका वेगळा कळत नाही. सकाळी चहानंतर किंवा संध्याकाळी जेवणाआधीची वेळ बरी. टॅम्पर, म्हणजे वाटीतली तंबाखू दाबायची दांडी, बाहेरून मागवायची गरज नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर पितळी सळीचा तुकडा हवा तसा वळवून मिळतो, आणि तो विकतच्यापेक्षा हातात चांगला बसतो.

घरच्यांचं मत विचारलं तर कॅप्टन ब्लॅक जिंकेल, यात शंका नाही. फक्त वास गोड आहे म्हणून तो धूर शेजारच्याला कमी अपायकारक होत नाही. ओढणाऱ्यालाही नाही. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हा समज चुकीचा. निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनही रक्तात जातं. बर्लीच्या अल्कधर्मी धुरातून तर अधिक सहज. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग पाइपवाल्यांनाही होतो. मी हे लिहितोय ते आधीच ओढत असलेल्या माणसासाठी. जो ओढत नाही त्याने या तिन्हीतलं काहीच घेऊ नये. हॉटेल, रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड इथे ओढणं २ ऑक्टोबर २००८ पासून बंद आहे, आणि पाइप म्हटल्यावर कुणी सूट देत नाही. राज्यातली सुगंधी तंबाखूवरची बंदी खाण्याच्या मालावरची आहे, त्यामुळे पाइपच्या डब्यावर 'सुगंधी' वाचून पानपट्टीवाल्याने आजूबाजूला बघायचं कारण नाही.

साठवणीचाही विचार करा. सुगंधी मिश्रणाचा फवारा डबा उघडल्यापासून उडायला लागतो, म्हणून कॅप्टन ब्लॅकचा पाऊच लवकर संपवावा. मिक्श्चर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत महिनोन्महिने चांगलं राहतं. बरणी नवी घ्या. लोणच्याची कितीही धुतली तरी वास सोडत नाही. फ्लेक मात्र बंद डब्यात वर्षानुवर्षं ठेवली की सुधारते, अधिक मऊ आणि दाट होते.

परदेशातून येणाऱ्या माणसाला शुल्क न भरता १२५ ग्रॅम तंबाखू आणता येते. कॅप्टन ब्लॅकचे साडेबेचाळीस ग्रॅमचे तीन पाऊच आणले तर अडीच ग्रॅमने ही मर्यादा ओलांडते. पन्नास ग्रॅमचे दोन डबे आरामात बसतात. माझ्या मते एक मिक्श्चरचा आणि एक फ्लेकचा मागवावा. मिक्श्चर लगेच उघडावं. फ्लेक न उघडता तारीख घालून ठेवावी, आणि सावकाश ओढायची सवय लागली की मग काढावी. दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर कधीतरी पाइप पेटवायचा एवढाच हेतू असेल तर मात्र कॅप्टन ब्लॅकच घ्या. त्या कामासाठी बाकीच्या दोघांवर पैसे घालवण्यात अर्थ नाही.