बॅटरी डिकीत हलवताना झालेली माझी फसवणूक

आमच्याकडे बाबांची 1971 ची फियाट 1100 डिलाइट आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली, 1089 सीसीची. बाबा गेल्यापासून ती मी सांभाळतो. बडोद्यात दांडिया बाजारच्या आमच्या गल्लीत ती जेमतेम मावते, तरी विकायचा विचार कधी मनात आला नाही. हे सगळं लिहितोय ते एवढ्यासाठी, की जुनी गाडी जिवापाड जपणारी माणसं या शहरात पुष्कळ आहेत, आणि मी ज्या गोष्टीला भुललो तिला तीही भुलू शकतात.

जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या गाड्यांची चकचकीत इंजिनं पाहून आलो आणि आपल्याही गाडीचं बॉनेट उघडल्यावर असंच स्वच्छ दिसावं असं वाटायला लागलं. आमच्या बॅटरीच्या खालचा पत्रा ॲसिडने खाल्लेला, वर इंजिनाची धग. मकरपुऱ्याकडच्या एका गॅरेजवाल्याचं नाव ओळखीतून कळलं. तो म्हणाला, "दादा, बॅटरी डिकीत टाकून देतो. इंजिन मोकळं, बॅटरी थंड, वजनही मागे जातं." कल्पना चुकीची नव्हती. इंग्लंडच्या जुन्या मिनी गाडीत तर कंपनीनेच बॅटरी डिकीत दिली होती. शिवाय हा माणूस घरच्यासारखं मराठी बोलत होता. गुजरातीच्या या शहरात कुणी आपल्या भाषेत "काळजी करू नका दादा" म्हटलं की आपण अर्धे निर्धास्त होतो. मी तर पुरताच झालो.

ठरलं ते असं: 35 स्क्वेअर एमएमची (हे आतल्या तारेच्या छेदाचं माप) शुद्ध तांब्याची केबल, बॅटरीजवळ मोठा फ्यूज, हवा बाहेर सोडणारी नळी असलेली पेटी आणि सीलबंद एजीएम बॅटरी (हिच्यात ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेलं असतं, पाणी भरावं लागत नाही). सगळं मिळून 21 हजार. मी यूपीआयने दिले. बिल मागितलं तर हाताने लिहिलेली चिठ्ठी मिळाली: "बॅटरी काम, 21,000". तेवढ्यावर मी गप्प बसलो.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा कार्पेट बसवून, सीट टाकून सगळं तयार होतं. पहिल्याच सेल्फला गाडी चालू झाली. त्याने डिकी उघडून दाखवली: काळी पेटी, वर नवं कोरं लेबल. मी खूश होऊन घरी आलो.

मग दसरा आला. गाडीला झेंडूचा हार घातला, पूजा झाली. आईला मागच्या सीटवर बसवून रावपुऱ्यापर्यंत एक चक्कर मारायची, हा बाबांपासूनचा रिवाज. दोन दिवस गाडी उभी होती, म्हणून सेल्फ जरा लांबवावा लागला. घर्र घर्र करत तो मंद होत गेला आणि आई म्हणाली, "अरे, काहीतरी जळतंय रे." आईच्या सीटखालून धूर येत होता. तिला हाताला धरून बाहेर काढलं. शेजारच्या काकांनी पाना आणून बॅटरीचं टर्मिनल सोडवलं, तोवर सीटखालचं कार्पेट पोळीएवढं काळं पडलं होतं. पेट्रोलची टाकी मागेच. त्या सकाळचा विचार आला की आजही माझे हात गार पडतात.

प्रतापनगरला मोटार वाइंडिंग करणारे एक जुने कारागीर आहेत. त्यांच्यासमोर कार्पेट उचललं. केबल सलग नव्हतीच. सीटखाली दोन तुकडे पिळून जोडले होते आणि वर काळी टेप गुंडाळली होती. सेल्फ मारताना अशा इंजिनाला शंभर-दीडशे अँपिअर लागतात. तेवढा करंट ढिल्या जोडातून गेला की तो जोड इस्त्रीसारखा तापतो. नंतर त्यांनी केबलची एक तार काढून ब्लेडने खरवडली. वरचा लालसर रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि आत पांढरी चकाकी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. बाजारात याला सीसीए म्हणतात. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण 60 टक्केच वीज वाहून नेतं आणि वजनाला तांब्याच्या एक तृतीयांशही नसतं. आमची पाच मीटर केबल त्यांनी काट्यावर ठेवली. 35 स्क्वेअर एमएमच्या पाच मीटर केबलीत नुसतं तांबंच दीड किलोच्या वर भरायला हवं. ही आवरणासकट जेमतेम पाऊण किलो भरली. आवरण जाड, आत तार बारीक. बाहेरून बघून कुणालाही कळलं नसतं.

डिकीच्या पत्र्यातून केबल जिथे पुढे काढली होती, तिथे भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे धारेपासून केबल वाचवणारी कडी, नव्हतं. पत्र्याच्या धारेने आवरण अर्धं कापलं गेलं होतं. अजून थोडे हादरे बसले असते तर उघडी तार बॉडीला टेकली असती, आणि फ्यूज कुठेही नव्हता. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात लागतो तो याचसाठी: केबल कुठेही बॉडीला लागली तर तो उडायला हवा. तो नसेल तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतत राहते.

बॅटरीवरचं लेबल सोलून काढलं, तर खाली पाणी भरायची सहा झाकणं. साधी, दुरुस्त करून विकलेली जुनी बॅटरी, तारखेचा शिक्का घासून टाकलेला. चार्ज होताना अशा बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो 4 टक्के झाला की एक ठिणगी पुरते. पेटीला नळी नव्हतीच.

गॅरेजवाल्याला फोन केला. आधी "तुम्हीच मध्ये काही जोडलं असेल" म्हणाला. मग फोन उचलणंच बंद केलं. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि वकिलाकडून नोटीस पाठवली. तेव्हा त्याने 8 हजार परत केले आणि "आता विषय मिटवा दादा" असा निरोप धाडला. मी मिटवला नाही. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. माझ्याकडे पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आहे, जळलेला जोड आहे आणि त्या वाइंडिंगवाल्यांचं लेखी म्हणणं आहे. पक्कं बिल असतं, त्यावर "35 स्क्वेअर एमएम तांबं, एजीएम, फ्यूज" असं लिहून घेतलं असतं, तर त्याला एवढी टाळाटाळ करता आली नसती.

तुम्ही हे काम करून घेणार असाल तर कार्पेट बसायच्या आधी गॅरेजमध्ये जा. केबल सलग आहे ना, ते हाताने चाचपत डिकीपासून सेल्फपर्यंत बघा. उरलेला तुकडा मागून घ्या आणि खरवडा. तुकडा द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून गाडी तशीच परत आणा. टर्मिनलची थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) हाताने ओढून पाहा, आणि बॅटरी पेटीत पट्टीने घट्ट बांधली आहे ना, तेही पाहा.

आमची बॅटरी आता पुन्हा बॉनेटखाली, तिच्या मूळ जागी आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांपेक्षा जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा लागतो. बाबांच्या गाडीची ती नोंदणी करायची माझी फार इच्छा आहे. डिकीच्या पत्र्यात गॅरेजवाल्याने पाडलेली तीन भोकं अजून तशीच आहेत. आयोगात दाखवायला लागतील म्हणून मी ती बुजवलेली नाहीत.