पायलटच्या तीन ऑफर आणि मुंबईतलं घर

फर्स्ट ऑफिसर म्हणजे सहवैमानिक, ए320 विमान उडवण्याचं रेटिंग (परवानगी), ठाण्यात घर, मूल पहिलीत, जोडीदाराची नोकरी मुंबईतच. अशा घरात साधारण तीन तऱ्हेची ऑफर येते: मुंबई बेस, दिल्ली बेस किंवा दुबईसारखा आखाती बेस (बेस म्हणजे जिथून ड्यूटी सुरू होते ते शहर). पगाराच्या आकड्यावर बहुधा आखाती ऑफर पुढे असते. तरी आमची पसंती मुंबई बेसलाच, पण पत्रातली कलमं पक्की असतील तरच.

आधी पगार. महिन्याला किती तासांची हमी आहे, हा खरा प्रश्न. हिशेबापुरतं समजा, एका ऑफरमध्ये 70 तासांची हमी आणि तासाला 5,000 रुपये, दुसरीत 40 तासांची हमी आणि तासाला 6,000. महिन्यात 75 तास उडालात तर दुसरी 75,000 रुपयांनी सरस. पण रजा, सिम्युलेटर किंवा आजारपणामुळे 40च तास झाले, तर पहिलीत 3,50,000 मिळतात आणि दुसरीत 2,40,000. घराचा हप्ता बेतायचा तो हमीच्या रकमेवर. डेडहेड (ड्यूटीसाठी प्रवासी म्हणून केलेला विमानप्रवास) आणि स्टँडबायचे (बोलावणं येईल म्हणून तयार राहण्याचे) तास यात धरतात का, तेही लेखी घ्या. गरोदरपणात उडणं थांबल्यापासून 26 आठवड्यांची कायदेशीर रजा सुरू होईपर्यंत काय मिळणार, हे महिला पायलटनी सही करण्याआधीच विचारावं.

‘बेस: मुंबई’ एवढं पुरत नाही. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळ सुरू आहे. बोरिवलीकराला साइन-ऑन (ड्यूटीची हजेरी) सांताक्रूझच्या जुन्या विमानतळावर की उलव्याच्या नव्या, यावर पिकअपची वेळ आणि मुलाबरोबरची संध्याकाळ दोन्ही ठरतात. पिकअप दारापर्यंत आहे का, किती अंतरापर्यंत आहे, आणि बेस बदलण्याआधी किती दिवसांची सूचना मिळेल, हे पत्रात हवं.

दिल्ली बेस घेऊन कुटुंब मुंबईत ठेवायचं गणित इथेच फसतं. जुलै 2025 पासून साप्ताहिक विश्रांती 48 तासांची झाली, पण ती सुरू होते बेसवर. दारापासून दारापर्यंत जाताना पाच आणि येताना पाच असे दहा तास त्यातूनच जातात. स्टाफ तिकिटावर सीट रिकामी असेल तरच चढता येतं, त्यामुळे गणपतीच्या आठवड्यात तर त्याच्यावर विसंबूच नये. स्टँडबायसाठी दिल्लीत खोली लागते, तिचं भाडं पगारातून वजा करूनच तुलना करा. रजा साप्ताहिक विश्रांतीच्या जागी धरण्याची मनाई डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतूक नियामकाने, डिसेंबर 2025 मध्ये मागे घेतली. म्हणून कंपनी या दोन्ही वेगळ्या मोजते का, हे तिन्ही ऑफरना विचारा, आणि त्याच बेसवरच्या दोघातिघांचे गेल्या तीन महिन्यांचे रोस्टर (ड्यूटीची वेळापत्रकं) बघा. घरी किती रात्री मिळाल्या, तेवढ्याच मोजा.

दुबईत वैयक्तिक आयकर नाही, पण शाळेची फी मोठी. भत्ता किती मुलांना, कुठल्या इयत्तेपर्यंत, आणि फी वाढली तर वरचा फरक कोण भरणार? व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की घर आणि शाळा एकदमच सुटतात. जोडीदाराचं करिअर तिथे चालणार नसेल, तर त्याचा पगारही या हिशेबातून वजा होतो.

नोटिस पीरियडची तारीख आजच मांडा. डीजीसीएच्या 2017च्या नियमानुसार फर्स्ट ऑफिसरला सहा महिने, कमांडरला (कॅप्टनला) एक वर्ष. जूनमध्ये शाळा बदलायची असेल तर राजीनामा डिसेंबरच्या आत जायला हवा. नवीन टाइप रेटिंग (दुसऱ्या प्रकारच्या विमानाचं) असेल तर बाँडही (मुदतीआधी नोकरी सोडली तर भरायची रक्कम) तपासा: रक्कम महिन्यागणिक कमी होत नसेल, तर ती घासाघीस सहीच्या आधीच. नव्या कंपनीत सीनियॉरिटी तळापासून सुरू होते, म्हणजे दिवाळीची रजा आणि कमांड (कॅप्टन होणं) दोन्ही लांबतात. तब्येतीमुळे लायसन्स गेल्याचा विमा किती रकमेचा आणि कोणत्या वयापर्यंत, तेही त्याच बैठकीत विचारून घ्या.