इन्सुलिनच्या प्रयोगाला लॅन्गेनडॉर्फ की वर्किंग हार्ट?

इस्कीमियानंतर (रक्तपुरवठा तुटल्यानंतर) इन्सुलिनने रॅटचं हृदय किती सावरतं, हे पाहायचं ठरलं की पहिला वाद सेटअपचा: शरीराबाहेर काढलेलं हृदय लॅन्गेनडॉर्फ पद्धतीने महाधमनीतून द्रव देऊन नुसतं धडधडतं ठेवायचं, की वर्किंग हार्टमध्ये त्याला खरोखर पंप करायला लावायचं?

लॅन्गेनडॉर्फ हाताला लवकर बसतो. महाधमनीत एकच कॅन्युला (नळी), बाकी फारसं काही नाही. तुमचा प्रश्न इन्फार्क्ट (मेलेला स्नायू) आणि एकेटी (पेशी जगवणारं संदेशवाहक प्रथिन) एवढ्यापुरता असेल तर खुशाल हाच घ्या. रीपरफ्युजन (थांबलेला प्रवाह पुन्हा) सुरू होताच दिलेलं इन्सुलिन इन्फार्क्ट कमी करतं, उशिरा दिलं तर नाही, हे 2001 साली अशाच वेगळ्या काढलेल्या हृदयांवर दिसलं.

मला नडला तो हृदयातला दाब मोजायचा फुगा. क्लिंग फिल्मचा तुकडा नळीच्या टोकावर रेशमी दोऱ्याने बांधायचा, पाणी भरायचं, डाव्या जवनिकेत सरकवायचा आणि डायस्टोलिक (हृदय सैल असतानाचा) दाब पाऱ्याच्या 5 ते 10 मिमीवर आणायचा. इस्कीमियात स्नायू आखडतो, दाब चढतो, आणि नेमका तेव्हाच दोऱ्यापाशी फुगा किंचित पाझरतो. ट्रेसवर (दाबाच्या आलेखावर) मात्र डायस्टोलिक छान उतरलेला! हे इन्सुलिनचं काम की गळतीचं? प्रयोग संपल्यावर फुगा तपासून हृदय बाद करता येतं, पण शंका राहतेच. हाताला सफाई असलेल्यांना हा त्रास कदाचित होत नसेल.

वर्किंग हार्टमध्ये फुगाच नाही. हृदय स्वतः पंप करतं, आपण महाधमनीतला प्रवाह मोजतो. डाव्या कर्णिकेची कॅन्युला रडवते, हे खरं. द्रवात पामिटेट हे फॅटी आम्ल मिसळण्यासाठी अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) घातलं की फेस येतो. बुडबुडे सोडण्याऐवजी पातळ थरातून ऑक्सिजन द्यावा लागतो. पण त्याच अल्ब्युमिनमुळे इन्सुलिन काचेला नि नळ्यांना कमी चिकटतं. शिवाय फॅटी अ‍ॅसिड असताना इन्सुलिन ग्लायकोलिसिस (ग्लुकोज फोडण्याचा पहिला, ऑक्सिजन न लागणारा टप्पा) वाढवतं, ग्लुकोजचं ऑक्सिडेशन त्या प्रमाणात वाढत नाही, आणि प्रोटॉन साठून सावरणं उलट लांबू शकतं. द्रवात नुसतं ग्लुकोज असेल तर ही बाजू दिसतच नाही. लॅन्गेनडॉर्फमध्येही पामिटेट घालता येतं म्हणा, पण मग सोपेपणा कुठे उरला? 2005 च्या क्रिएट-एक्ला चाचणीत हृदयविकाराचा झटका आलेल्या 20 हजारांहून अधिक रुग्णांत ग्लुकोज-इन्सुलिन-पोटॅशियमने मृत्यू कमी झाले नाहीत. त्यानंतर ग्लुकोजवरच्या गोड आकड्यांवर माझा तरी फारसा जीव बसत नाही.

वर्किंग हार्ट घेतलात तर एवढं करा: अर्ध्या तासाच्या इस्कीमियानंतर काही हृदयं 80 मिमीच्या दाबाविरुद्ध पंपच करत नाहीत. त्यांचा शून्य धरायचा की वगळायचा, हे पहिल्या हृदयाआधीच वहीत लिहून ठेवा.